सीमेपलीकडची बॅटरी

सरकारी निविदेच्या कागदांत एक पान असं असतं की ते भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ठरलेला मजकूर आपल्या लेटरहेडवर उतरवायचा, खाली सही-शिक्का मारायचा आणि पीडीएफ करून पोर्टलवर चढवायचं. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या पुरवठादारांवर जे निर्बंध आहेत ते मी वाचले आहेत. आमची फर्म अशा देशातली नाही, किंवा असलीच तर सक्षम प्राधिकरणाकडे नोंदलेली आहे, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. 2020 पासून हे पान केंद्राच्या जवळजवळ प्रत्येक खरेदीला लागतं. ईएमडी, म्हणजे बोलीची अनामत रक्कम, माफ व्हावी म्हणून लागणारं लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी, पॅन यांच्या जोडीला तेही एका फोल्डरमध्ये पडलेलं असतं. तारीख बदलली की झालं.

दादा, मी आणि दादाचा कॉलेजपासूनचा मित्र अशी आमची तिघांची भागीदारी आहे. लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे. यूपीएस बसवणं, सर्व्हर रूमची वायरिंग, अर्थिंग ही आमची कामं. साइट दादा बघतो, निविदांचे कागद मी बघते. दक्षिण मुंबईतल्या एका केंद्रीय कार्यालयाची (नाव घेत नाही, कारण पुढेही तिथेच काम करायचंय) यूपीएस आणि लिथियम बॅटरी बँकेची निविदा निघाली, तेव्हा त्या पानावर सही करण्याआधी मी पहिल्यांदाच थांबले. कारण साधं होतं. यूपीएसचा माल आम्हाला माहितीतला होता, पण लिथियमचं काम नवीन होतं. इमारत इंग्रजांच्या काळातली, मजल्यावर वजन किती टाकायचं याची पीडब्ल्यूडीवाल्यांनी मर्यादा घालून दिलेली, म्हणून जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून हलक्या लिथियम बॅटऱ्या घ्यायच्या असं ठरलं होतं. आणि लिथियम म्हटलं की कुठल्याही दिशेने गेलं तरी वाट चीनपर्यंत जाते.

तर आधी तो नियम काय आहे ते सांगते, कारण आमच्या धंद्यातही निम्म्या लोकांना तो 'चायनीज मालावर बंदी' असाच वाटतो. तसा तो नाही. गलवान खोऱ्यात 15 जून 2020 ला आपले 20 जवान शहीद झाले. त्याच आठवड्यात इथे एमएमआरडीएने मोनोरेलच्या दहा गाड्यांची निविदा रद्द केली, कारण त्यात बोली लावणाऱ्या दोन्ही कंपन्या चिनी होत्या. मग 23 जुलैला अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या 144 व्या नियमात अकरावं पोटकलम घालून आदेश काढला. त्यात चीनचं नाव कुठेही नाही. 'भारताला जमिनीची सीमा लागून असलेला देश' एवढंच आहे. असे देश सात: चीन, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, म्यानमार आणि अफगाणिस्तान. अफगाणिस्तानची 106 किलोमीटरची सीमा पाकव्याप्त काश्मीरच्या बाजूला आहे, म्हणजे प्रत्यक्षात आपला माणूस तिथे उभा राहू शकत नाही, पण सरकारी हिशेबात ती आपलीच. ज्या देशांना भारताने कर्ज दिलंय किंवा जिथे आपले विकासप्रकल्प चालू आहेत, त्यांना दुसऱ्या आदेशाने वगळलं. आता उरतं कोण, ते सांगायला नको.

अमेरिकेने हेच काम दुसऱ्या पद्धतीने केलं. 2018 साली तिथल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात कलम 889 आलं आणि त्यात हुआवे, झेडटीई, हिकव्हिजन, दाहुआ, हायटेरा अशी पाच नावं सरळ लिहिली. आपल्याकडे नाव कुणाचंच नाही, नकाशा आहे. दोन्हीत फायदे-तोटे आहेत. नाव लिहिलं की कंपनी पाटी बदलते. नकाशा लावला की मात्र पाटीच्या मागे बसलेला माणूस शोधावा लागतो, आणि तो शोधायचं काम येतं आमच्यासारख्यांवर.

आदेशात 'अशा देशातला बोलीदार' याची व्याख्या लांबलचक आहे. तिथे नोंदलेली कंपनी तर झालीच. शिवाय तिची उपकंपनी, तिच्या ताब्यातली कंपनी, जिचा बेनिफिशियल ओनर तिथे आहे अशी कंपनी, तिथला नागरिक, अशा कुणाचा भारतातला एजंट, आणि यातलं कुणी भागीदार असलेला संयुक्त उपक्रमही. बेनिफिशियल ओनर म्हणजे शेवटी ज्याच्या खिशात पैसा जातो किंवा ज्याच्या हातात सूत्रं असतात तो हाडामांसाचा माणूस. कंपनीच्या बाबतीत 25 टक्क्यांहून जास्त हिस्सा असेल तर, भागीदारीत 15 टक्क्यांहून जास्त असेल तर. आम्ही तिघंही 15 च्या वर, म्हणजे तिघंही बेनिफिशियल ओनर. आमच्यातला सर्वांत परदेशी म्हणजे दादाचा मित्र, जो गोव्यात जन्मला. त्यामुळे आमच्यापुरतं पान खरं होतं.

अडलं ते आम्ही काय विकणार आहोत तिथे.

8 फेब्रुवारी 2021 ला व्यय विभागाने एक खुलासा काढला होता, तो आमच्या सीएंनी दाखवला. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. विलेपार्ल्याला त्यांच्या ऑफिसात फायलींमधून वाट काढत खुर्चीपर्यंत पोचावं लागतं. काका म्हणाले, "हे बघ, कच्चा माल, सुटे भाग, सब-असेंब्ली चीनमधून आणलीस तरी चालतं. त्याला सब-काँट्रॅक्टिंग म्हणत नाहीत. ज्याच्याकडून आणलंस त्याने नोंदणी करायचीही गरज नाही. पण तयार माल, म्हणजे खोक्यातून काढून तसाच बसवायचा माल, तिथल्या पुरवठादाराकडून सरळ किंवा आडून घेतलास, तर मग त्या पुरवठादाराची नोंदणी पाहिजे."

"आडून म्हणजे?"

"म्हणजे मध्ये भिवंडी आली तरी."

काकांना भिवंडी कशी सुचली कोण जाणे, पण नेमकं तिथेच होतं. आम्ही ज्या बॅटरीचा भाव धरून हिशेब केला होता, ती बॅटरी विकणाऱ्या कंपनीचं गोदाम भिवंडीला आहे. कंपनी भारतात नोंदलेली, जीएसटी महाराष्ट्राचा, माहितीपत्रकावर 'मेक इन इंडिया'च्या चाकांच्या सिंहाचं चित्र. विक्री बघणारा मुलगा बोलायला गोड. मी त्याला मालकी कुणाची ते विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, प्युअर इंडियन कंपनी आहे. बाकी सगळे पण हेच भरतात. कुणी विचारत नाही." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लेटरहेडवर 'आम्ही भारतीय कंपनी आहोत' असं पत्र आलं. आम्ही जे पान सरकारला देणार, तेच त्यांनी आम्हाला दिलं होतं.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरले की कुठल्याही कंपनीने दाखल केलेले सार्वजनिक कागद बघता येतात. हे मला माहीत होतं, पण कधी वापरलं नव्हतं. वार्षिक विवरणपत्राच्या जोडीला भागधारकांची यादी असते. त्या यादीत भिवंडीच्या कंपनीचे तीन चतुर्थांश शेअर सिंगापूरच्या एका कंपनीकडे होते, उरलेले दोन भारतीय संचालकांकडे. सिंगापूर आपल्या सीमेला लागत नाही. इथे थांबलं असतं तर पान खरं ठरलं असतं, आणि मला खात्री आहे, जे कुणी कधी तपासतात त्यातले बहुतेक इथेच थांबतात. पण सिंगापूरच्या कंपन्यांची माहितीही थोडे डॉलर भरून विकत मिळते. काकांच्या ऑफिसातल्या आर्टिकल करणाऱ्या मुलीने ती काढून दिली. त्या सिंगापूरच्या कंपनीत सर्वांत मोठा हिस्सा, 25 टक्क्यांच्या बराच वर, एका माणसाचा. पत्ता शेनझेनचा.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "कंपनी 2018 ची आहे ना? मग बरोबर." एप्रिल 2020 मध्ये प्रेस नोट 3 आली. तेव्हापासून सीमेलगतच्या देशातून येणाऱ्या गुंतवणुकीला, मालक तिसऱ्या देशाआडून आला तरी, आधी सरकारची परवानगी लागते. त्याआधी आलेले पैसे आपोआप मार्गाने आले, पूर्ण कायदेशीर. म्हणजे त्या कंपनीने काहीही चोरलेलं नव्हतं. तिला भारतात धंदा करायला मोकळीक आहे, मॉलला, इस्पितळाला, सोसायटीला बॅटरी विकायला मोकळीक आहे. फक्त सरकारला विकायची तर आधी नोंदणी करावी लागते. नोंदणीसाठी दिल्लीत उद्योग संवर्धन विभागाची समिती आहे. परराष्ट्र खात्याची राजकीय मंजुरी आणि गृह खात्याची सुरक्षा मंजुरी दोन्ही मिळाल्या तरच नोंदणी होते. आणि ती बोली भरताना आणि बोली स्वीकारताना अशी दोन्ही वेळी वैध असावी लागते. मी त्या मुलाला विचारलं, नोंदणीसाठी अर्ज केलाय का? तो म्हणाला, हेड ऑफिसला विचारून सांगतो. सांगितलं नाही.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. बोलीदार आपण, आपण भारतीय, प्रमाणपत्र आपल्याबद्दल आहे, तर पुरवठादाराच्या पणजोबापर्यंत जायची गरज काय? मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. प्रमाणपत्राचा मजकूर खरंच बोलीदाराबद्दल आहे, तयार मालाची अट खुलाशात आहे, पानावर नाही. पण खोटं प्रमाणपत्र निघालं तर करार तात्काळ रद्द आणि वर कायदेशीर कारवाई, हेही त्याच आदेशात लिहिलंय. आणि सही माझी असते. मी नाही म्हटलं. आमच्या घरात मी एकदा नाही म्हटलं की दादा फक्त चहा मागतो.

निविदापूर्व बैठक झाली तेव्हा मी मुद्दाम हा प्रश्न विचारला. पुरवठादाराच्या मालकीची साखळी कोण तपासणार? समोरचे अधिकारी सज्जन होते, निवृत्तीला आलेले. म्हणाले, "मॅडम, विहित नमुन्यात प्रमाणपत्र जोडा, बास." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. गंमत म्हणजे त्याच सर्व्हर रूममधलं थंडाव्याचं यंत्र चिनी कंपनीचं आहे, जुनं, आणि त्याची देखभाल आजही तीच कंपनी करते. त्यात बेकायदा काही नाही. आधीच बसवलेल्या यंत्रांचे सुटे भाग आणि वार्षिक देखभाल मूळ उत्पादकाकडून घेताना नोंदणी लागत नाही, अशी सूट आहे, आणि ती असायलाच हवी. नाहीतर अर्ध्या कार्यालयांचे एसी बंद पडतील.

मग आम्ही दुसरा बॅटरीवाला शोधला. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत एक छोटा कारखाना आहे. मालक दोघे मावसभाऊ, त्यांच्या भागधारकांच्या यादीत आई, बायको आणि ते दोघे. तिथे मी स्वतः जाऊन आले, कारण 'सुटा भाग' आणि 'तयार माल' यातली रेघ नेमकी कुठे पडते ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

दारातच खोके रचलेले होते, सगळ्यांवर चिनी अक्षरं. आत निळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातले सेल, जाडजूड विटेएवढे, प्रत्येकावर क्यूआर कोड. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा एक सेल 3.2 व्होल्टचा. असे सोळा एकाला एक जोडले की 51.2 व्होल्टचा पॅक होतो. पण कुठलेही सोळा चालत नाहीत. एक मुलगी यंत्रावर एकेक सेल भरून, रिकामा करून त्याची क्षमता मोजत होती आणि स्टिकर लावत होती. सारख्या क्षमतेचे सोळा निवडून गट करायचे, नाहीतर त्यातला अशक्त सेल आधी दमतो आणि पूर्ण पॅक त्याच्या मागे बसतो. पलीकडे सेलच्या डोक्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवून लेसरने वेल्ड करत होते. मग पत्र्याची पेटी, फ्यूज, वायरिंग आणि शेवटी बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचा हिरवा बोर्ड. सेल चीनचा, बाकी पेटी, पट्ट्या, हात इथले. काकांच्या भाषेत ही असेंब्ली, सेल हा सुटा भाग, आणि पॅक भारतात बनलेला. रेघ अलीकडे पडली.

पण त्या हिरव्या बोर्डापाशी मी अडकले. बोर्डही शेनझेनचाच होता. त्यावर नखाएवढं एक वाय-फायचं मॉड्यूल. मालकांनी मोठ्या कौतुकाने फोनवर ॲप उघडून दाखवलं: प्रत्येक सेलचं व्होल्टेज, तापमान, किती चार्ज आहे, सगळं. "मॅडम, घरी बसून बघता येतं. बंद-चालूही करता येतं." मी विचारलं, ही माहिती जाते कुठे? त्यांनी ॲपच्या अटी उघडल्या. सर्व्हर बाहेरचा होता.

आता बघा. सेल मुका असतो. त्यात रसायन भरलेलं, तो वीज घेतो आणि देतो, त्याला कुणाशी बोलता येत नाही. बोर्ड बोलतो, ऐकतो, आणि सांगितलं तर बॅटरी तोडतोही. नियमाच्या लेखी दोघंही सुटे भागच. भिवंडीची बॅटरी मालकाच्या पत्त्यावरून बाद होते, आणि रबाळ्याची बॅटरी, आत तोच बोर्ड असूनही, पास होते. मला नियमावर टीका करायची हौस नाही. मालक कोण हे बघायलाच हवं, कारण संकटाच्या वेळी कंपनी कुणाचं ऐकणार हे मालकीवरच ठरतं. पण फक्त मालक बघून भागत नाही.

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली तो सोमवार कुणी विसरलं नसेल. लोकल जागच्या जागी थांबल्या. मी कुर्ल्याला गाडीतून उतरून रुळांवरून चालत आले. पुढच्या वर्षी एका अमेरिकी संस्थेच्या अहवालात भारताच्या वीजयंत्रणेत चिनी हॅकर घुसल्याचं आलं, राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तो मानवी चुकीचा प्रकार होता असं सांगितलं. खरं काय ते ज्याचं त्याला माहीत. पण त्यानंतर सर्व्हर रूमच्या बॅटरीला बाहेरच्या सर्व्हरवरून बंद-चालू करणारं ॲप जोडायचं, हे मला तरी पटेना.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत सरकारने ही गोष्ट ओळखली. एप्रिल 2024 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने सीसीटीव्हीसाठी सुरक्षा निकष घातले, ते पुढच्या वर्षी एप्रिलपासून लागू झाले. त्यात कॅमेरा उघडून आतली चिप, फर्मवेअर, एन्क्रिप्शन प्रयोगशाळेत तपासतात. कंपनी कुठलीही असो. लॅमिंग्टन रोडवर तेव्हा कॅमेऱ्यांच्या भावाची जी पळापळ झाली ती मी पाहिलीय. व्यापारी आजही त्या निकषांच्या नावाने बोटं मोडतात. पण रोख बरोबर जागी होता. बॅटरीच्या बोर्डाला तसं काही विचारणारं त्या निविदेत तरी कुणी नव्हतं.

शेवटी आम्ही रबाळ्याच्या मालकांना सांगितलं, वाय-फाय मॉड्यूल काढा. त्यांना ते आवडलं नाही, कारण ॲप हाच त्यांचा विक्रीचा मुद्दा. पण बोर्डावर आरएस-485 चं, म्हणजे तारेने माहिती पाठवायचं, साधं टर्मिनल होतंच. त्यातून दोन तारा काढून यूपीएसला जोडल्या की माहिती खोलीतल्या खोलीत राहते. निविदेत ही अट नव्हती, गुणही नव्हते. दादा म्हणाला, "कुणी न मागितलेलं काम फुकट करतेयस." खरं होतं.

बाकीचे कागद ठरल्याप्रमाणे झाले. फक्त स्थानिक घटकांच्या टक्केवारीने घाम काढला. मेक इन इंडियाच्या आदेशानुसार 50 टक्के किंवा जास्त मूल्य इथलं असेल तर पहिला वर्ग, 20 ते 50 मध्ये दुसरा. पॅकच्या किमतीचा मोठा भाग सेलचा, म्हणजे बाहेरचा. काही जण उभारणी, वाहतूक, विमा, पाच वर्षांची देखभाल हे सगळं 'स्थानिक' म्हणून मिळवतात आणि आरामात पहिल्या वर्गात बसतात. तसं मिळवता येत नाही, असा 2021 चा खुलासा आहे. आम्ही प्रामाणिकपणे दुसरा वर्ग लिहिला. काम 10 कोटींच्या खूप खालचं, त्यामुळे सीएचा दाखला लागत नव्हता, स्वतःचं जाहीरपत्र पुरत होतं. या प्रक्रियेत किती गोष्टी स्वतःच्याच जाहीरपत्रावर चालतात हे एकदा लक्षात आलं की रात्री जरा उशिराच झोप लागते.

तांत्रिक छाननीत आम्हालाच पहिला प्रश्न आला. तुमच्या बॅटरीच्या कागदांत चीनचा उल्लेख का? सेलच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीत कारखान्याचा पत्ता चीनचा होता, तो आम्ही लपवला नव्हता. मुदत तुटपुंजी. मी 8 फेब्रुवारीचा खुलासा, रबाळ्याच्या कारखान्याचे फोटो, त्यांची भागधारकांची यादी असं सगळं जोडून उत्तर दिलं. ते मान्य झालं. ज्यांनी काहीच दाखवलं नव्हतं, त्यांना काहीच विचारलं गेलं नाही.

आणि मग किमती उघडल्या. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी भावाची, जी फर्म आली, तिने तीच भिवंडीची बॅटरी लावली होती. आम्ही दुसरे. फरक जवळजवळ तेवढाच, जेवढा त्या दोन बॅटऱ्यांच्या भावात होता.

आक्षेप घ्यायचा की नाही यावर आमच्याकडे खडाजंगी झाली. दादाचं म्हणणं, धंद्यात कुणाच्या पोटावर पाय आणू नये; उद्या तेच आपल्या एखाद्या निविदेत खुसपट काढतील. दादाच्या मित्राचं म्हणणं, कार्यालयाला तोंडघशी पाडलं तर पुढची बिलं अडकतील. दोघांचंही खरं. मला काही देशभक्तीचा झटका आला नव्हता. आम्ही नियम वाचला म्हणून आमचा भाव वाढला, आणि ज्याने वाचला नाही तो जिंकला, हे मला सहन होईना. काकांनी शांतपणे सांगितलं, "आरोप करू नकोस. कागद जोड आणि विचार." तसंच केलं. भिवंडी, सिंगापूर, शेनझेन अशी साखळी, प्रत्येक टप्प्याचा सार्वजनिक कागद, आणि खाली एकच प्रश्न: या पुरवठादाराची नोंदणी आहे का?

उत्तर आलं की संबंधित बोलीदाराने विहित नमुन्यात प्रमाणपत्र दिलेलं आहे. एका ओळीचं.

काका म्हणाले, थांब, फाइल वित्त विभागाकडे जाईल. बसल्या बसल्या त्यांनी मला तुर्कस्तानच्या सेलेबीचं उदाहरण दिलं. मे 2025 मध्ये विमानतळांवर सामान आणि विमानं हाताळणाऱ्या त्या कंपनीची सुरक्षा मंजुरी एका आदेशाने काढून घेतली, मुंबईच्या विमानतळावरचं तिचं काम गेलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही पुढे तिची याचिका फेटाळली. तुर्कस्तानची सीमा आपल्याला कुठून लागते? पण सरकारने मनावर घेतलं की नकाशा लागत नाही. "आणि मनावर घेतलं नाही," काका म्हणाले, "की शेनझेन समोर ठेवलं तरी दिसत नाही." मी म्हटलं, मग मी इतके कागद कशाला जमवले? ते हसले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

फाइल खरंच वित्त विभागात अडकली. तिथे कुणी काय लिहिलं ते आम्हाला कळायचा मार्ग नाही. पोर्टलवर एवढंच आलं की निविदा प्रशासकीय कारणास्तव रद्द. पावसाळा सरता सरता तीच निविदा पुन्हा निघाली आणि पाठोपाठ शुद्धिपत्रक आलं. त्यात दोन वाक्यं नवीन होती. बोलीदाराने मुख्य साहित्याच्या पुरवठादाराची शेवटच्या व्यक्तीपर्यंतची मालकी सनदी लेखापालाच्या दाखल्यासह जोडावी. आणि बॅटरीच्या देखरेखीची माहिती कार्यालयाच्या बाहेर जाता कामा नये. दुसरं वाक्य कुणाच्या डोक्यातून आलं ते मला माहीत नाही. आमच्या उत्तरात आरएस-485 बद्दल एक परिच्छेद होता खरा. दादाने शुद्धिपत्रक दोनदा वाचलं आणि रबाळ्याला फोन लावून सेलचा भाव उतरलाय का ते विचारलं.

नव्या निविदेतही काम आम्हालाच मिळेल असं नाही. या वेळी बोली लावणारे जास्त आहेत, आणि त्यातल्या एक-दोघांकडे स्वतःचे पॅक बनवायचे कारखाने आहेत. दाखला मात्र काकांनी तयार ठेवलाय. परवा भिवंडीच्या त्या गोड बोलणाऱ्या मुलाचा फोन आला होता. म्हणाला, "मॅडम, ते मालकीचं सर्टिफिकेट तुमचे सीए किती घेतात हो? जरा नंबर द्या ना." दिला.